स्वीट कॉर्नचा कस: तण, खत आणि दाण्यातलं पोषण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहून कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा पालघरकडे दहा-वीस गुंठ्यांत मका लावणारे, गच्चीवर पिशव्यांत चार ताटं उभी करणारे आणि वाशी-दादरच्या बाजारातून नुसती कणसं आणणारे, अशा तिन्ही मंडळींचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक धागा सारखा हाती लागेल. तण आणि खत ही दोन वेगळी खाती नाहीत. तुम्ही टाकलेलं नत्र (नायट्रोजन) शेवटी कोणाच्या मुळाला लागलं, यावर दोन्हींचा हिशेब एकत्रच होतो.

दाण्याचा 'कस' म्हणजे नेमकं काय मोजायचं?

१०० ग्रॅम कच्च्या पिवळ्या दाण्यांत साधारण ७६ ग्रॅम पाणी असतं. ऊर्जा ८६ किलोकॅलरी, प्रथिनं सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, साखर सहा ग्रॅमच्या पुढेमागे, तंतू दोन-अडीच ग्रॅम, पोटॅशियम २७० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३७ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व सात मिलिग्रॅमपर्यंत आणि फोलेट चाळीसेक मायक्रोग्रॅम. लोह आणि जस्त प्रत्येकी अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे त्यासाठी कोणी मका खाऊ नये.

पिवळ्या रंगामागे ल्युटीन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्यं असतात. डोळ्यांच्या पडद्याच्या मधल्या भागात हीच दोन साठतात, म्हणून संशोधकांचं त्यांच्याकडे लक्ष आहे. मात्र यांचं शरीरात अ जीवनसत्त्व होत नाही. पिवळं दिसलं की 'अ जीवनसत्त्व भरपूर' असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खत आणि तण यांमुळे यातलं सगळं सारखं हलत नाही. प्रथिनं चटकन हलतात, रंगद्रव्यं थोडी हलतात, तंतू फारसे हलत नाहीत. साखर मुख्यतः जातीवर आणि तोडणीच्या वेळेवर ठरते.

तणामुळे कणसातलं पोषण खरंच कमी होतं, की फक्त उत्पादन घटतं?

आधी उत्पादन घटतं आणि तेच डोळ्यांना दिसतं: कणीस आखूड, टोकाला दाणे न भरलेलं. पोषणाचा तोटा दिसत नाही, पण तो त्याच कारणातून येतो. माठ, केना, लव्हाळा, हराळी, गाजरगवत ही मंडळी मक्याच्या आधी उगवतात आणि वरच्या थरातलं नत्र भराभर उचलतात. माठ तर नत्राच्या बाबतीत फारच खादाड. तुम्ही पेरताना दिलेला हप्ता त्याच्या पानांत जातो आणि मका पिवळसर पडतो. नत्र कमी पडलेल्या ताटाच्या दाण्यात प्रथिनांचं प्रमाण घसरतं. पानांत हरितद्रव्य कमी, म्हणजे साखर तयार करणारी जागाच कमी.

यात एक गंमत आहे. तण मक्यावर सावली पाडण्याएवढं वाढायच्या आधीच नुकसान सुरू होतं. हिरव्या पानांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्या आणि अतिलाल किरणांचं प्रमाण बदलतं आणि मक्याच्या रोपाला तेवढ्यावरून शेजाऱ्याचा सुगावा लागतो. मग ते मुळांपेक्षा उंचीवर जास्त खर्च करू लागतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे. 'अजून तण बारीक आहे, पुढच्या आठवड्यात बघू' हे म्हणणं मक्याच्या बाबतीत महाग पडतं ते यामुळे.

मी शनिवार-रविवारीच शेतावर जातो. खुरपणी नक्की कधी चुकवू नये?

पेरणीनंतरचे १५ ते ४५ दिवस. याच काळात, रोप गुडघ्याएवढं होण्याच्या सुमारास, कणसावर दाण्यांच्या किती रांगा येणार हे आतल्या आत ठरून जातं. त्यानंतर रांगेत किती दाणे बसणार हे ठरतं. तुरा बाहेर पडल्यावर शेत आरशासारखं स्वच्छ केलं तरी गेलेल्या रांगा परत येत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात एक खुरपणी, पाचव्या आठवड्यात दुसरी, आणि तिच्यासोबत बुंध्याला मातीची भर, एवढं जमवा. सायकल कोळपं असेल तर ओळींमधलं काम अर्ध्या वेळात होतं. दोन ताटांमधलं तण मात्र हातानेच काढावं लागतं. खुरपणी आधी, युरिया नंतर. हा क्रम उलटा करणारे लोक आपल्या पैशाने तण पोसतात, आणि असे लोक मला दर हंगामात भेटतात.

भाताचा पेंढा असेल तर ओळींमध्ये अंथरा. हराळी आणि लव्हाळा त्यातूनही डोकं काढतात, बाकीचं बरंच दबतं.

युरिया वाढवला तर प्रथिनं वाढतात ना? मग जास्त टाकायला काय हरकत?

वाढतात, पण कोणती हे बघायला हवं. नत्र वाढलं की मक्याच्या दाण्यात मुख्यतः झीन नावाचं साठवणीचं प्रथिन वाढतं. त्यात लायसिन जवळजवळ नसतं, आणि मक्याच्या प्रथिनाची मूळ उणीव लायसिन आणि ट्रिप्टोफॅन या दोन अमिनो आम्लांचीच (प्रथिनांच्या घटकांची) आहे. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर प्रथिनांची टक्केवारी वर जाते, पण प्रथिनाचा दर्जा त्या प्रमाणात सुधारत नाही. ही उणीव खताने भरून निघत नाही, ती जातीनेच भरून निघते. ओपेक-२ हे जनुक वापरून मेक्सिकोतल्या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात (सिमिट) दर्जेदार प्रथिनांचा मका तयार झाला आणि त्या कामासाठी सुरिंदर वासल आणि एव्हँजेलिना व्हियेगास यांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजू. गरजेपेक्षा जास्त नत्र दिलं की बऱ्याच भाज्या-फळांत क जीवनसत्त्वाचं प्रमाण घटतं. झाड पालेदार होतं, काढणी लांबते, ताटं वाऱ्याने लोळतात. आणि कोकणातल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात जादा युरियाचा मोठा भाग दाण्यात जाण्याऐवजी ओढ्यात जातो. थोडक्यात, उपाशी पिकाला नत्र दिलं तर कस सुधारतो, पोट भरलेल्या पिकाला दिलं तर नाही.

मग किती खत द्यायचं? गुंठ्याचा हिशेब सांगा.

मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ४० किलो पालाश (पोटॅश) ही सर्रास धरली जाणारी मात्रा. सोबत हेक्टरी १० ते १२ टन शेणखत. माती तपासली असेल तर त्या अहवालाप्रमाणे यात कमी-जास्त करा. तपासली नसेल तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

एका गुंठ्याला हे साधारण १.३ किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत), २.१ किलो युरिया आणि ७०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश एवढं बसतं. डीएपी आणि पोटॅश पेरताना, बियाण्याच्या खाली आणि बाजूला. युरियाचे तीन हप्ते: थोडा पेरणीला, मोठा हप्ता गुडघाभर उंचीला, उरलेला तुरा दिसायच्या आधी. हलक्या जांभ्या जमिनीत आणि खरिपात चार हप्ते केले तर आणखी बरं. मुसळधार पावसाचा अंदाज असेल त्या शनिवारी युरियाची पिशवी उघडू नका.

कोकणच्या जांभ्या मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमसोबत अडकून बसतं, म्हणून ते पसरून टाकण्यापेक्षा ओळीत दिलेलं चांगलं. जमलं तर भात कापल्यावर, रब्बीत मका घ्या. पाण्याची सोय लागते, पण नत्र वाहून जात नाही आणि तणाचा जोरही ओसरलेला असतो.

जस्त टाकल्याने दाण्यात जस्त वाढतं का?

मातीत कमतरता असेल तर पिकाला नक्की फायदा होतो. नव्या पानांवर बुंध्याकडून पांढरट पट्टे दिसले तर जस्ताची शंका घ्या. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट ही नेहमीची मात्रा. दाण्यातलं जस्त मात्र मक्यात माफकच वाढतं, गव्हात फवारणीने वाढतं तितकं नाही. उलट स्फुरदाचा अतिरेक केला तर मक्याला जस्त कमी मिळतं. दरवर्षी 'थोडं जास्तच असू दे' म्हणून डीएपी ओतणाऱ्यांना ही अडचण हमखास येते.

युरियाच्या मक्याला चव नसते, असं आई म्हणते. खरं आहे?

आईंचं निरीक्षण बरोबर असेल, पण कारण बहुतेक वेगळं आहे. गोडी पहिल्यांदा जनुकांवर ठरते. साध्या मक्यात साखरेचं भराभर पिष्ट (स्टार्च) होतं आणि दाणा पिठूळ लागतो. साध्या स्वीट कॉर्नमध्ये एका जनुकामुळे ही क्रिया मंदावते. सुपर स्वीट प्रकारात 'श्रंकन-२' हे जनुक असतं, त्यामुळे साखर खूप जास्त राहते आणि वाळलेलं बी सुरकुतलेलं दिसतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात ते पुढे आणलं. आपल्याकडे हैदराबादच्या 'माधुरी' आणि 'प्रिया' या जुन्या जाती, आणि महाराष्ट्रात 'शुगर ७५' हा संकर पुष्कळ लावला जातो.

खताचा चवीशी संबंध आहे तो पालाश आणि गंधकातून. पानात तयार झालेली साखर दाण्यापर्यंत पोचवायला पालाश लागतं, आणि नुसता युरिया देणारे नेमकं तेच विसरतात. उकडलेल्या मक्याचा जो ओळखीचा वास येतो, तो डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त पदार्थाचा. डीएपीत गंधक नसतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं. मला विचाराल तर स्फुरदाचा निम्मा वाटा सुपर फॉस्फेटमधून द्यावा.

तणनाशक मारल्याने मक्यातली जीवनसत्त्वं वाढतात, असं वाचलं. हे काय प्रकरण आहे?

बातमी अर्धी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर.

मेसोट्रायोन, टेंबोट्रायोन, टोप्रामेझोन ही मक्यातली उगवणीनंतरची तणनाशकं एकाच ठिकाणी घाव घालतात. वनस्पतीत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं (ल्युटीन आणि झियाझँथिन त्यांतलीच) तयार व्हायला एक विकर (एन्झाइम) लागतं, ते ही औषधं अडवतात. कॅरोटिनॉइडचं कवच गेलं की ऊन हरितद्रव्याला जाळतं आणि तण पांढरं फटक पडतं. मका मात्र हे औषध पटकन मोडून टाकतो, म्हणून तो वाचतो.

आता विरोधाभास असा, की कॅरोटिनॉइड अडवणारं हेच औषध वापरलेल्या स्वीट कॉर्नच्या दाण्यांत ल्युटीन आणि झियाझँथिन वाढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली मेसोट्रायोन आणि ॲट्राझीन (हे दुसरं तणनाशक, त्याबद्दल पुढे) यांच्या वापरावर हा अभ्यास प्रसिद्ध केला.

याचा अर्थ तणनाशक हे मक्याचं टॉनिक आहे असा होत नाही. लवकर तण गेलं की मक्याला नत्र आणि ऊन मिळतं, आणि ते खुरप्यानेही मिळतं. शिवाय फरक असतो तो दाण्यातल्या मायक्रोग्रॅममध्ये. वाटीभर पालकात किंवा शेवग्याच्या पाल्यात ल्युटीन मक्याच्या कितीतरी पट असतं. केवळ पोषणासाठी तणनाशक निवडणं मला पटत नाही. मजूर मिळत नाही म्हणून निवडणं पटतं, आणि तसं स्पष्ट म्हणावं.

एक सावधगिरी. काही स्वीट कॉर्न जातींत ही औषधं मोडणारं विकर नीट काम करत नाही आणि मकाच भाजतो. साध्या मक्यावर चाललं म्हणून स्वीट कॉर्नवर चालेल असं धरू नका. डब्यावरचं लेबल वाचा, बियाणं देणाऱ्याला विचारा आणि आधी दोन ओळींवर मारून बघा.

ॲट्राझीनचा अंश कणसात उतरतो का?

ॲट्राझीन पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, उगवणीआधी जमिनीवर मारतात. कणीस तोडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात, आणि दाणे सालींच्या आवरणात असतात. लेबलप्रमाणे वापरलं तर खाणाऱ्याच्या दृष्टीने ही काळजी यादीत बरीच खाली येते. अन्नातल्या अंशांच्या मर्यादा एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था ठरवते.

मला जास्त काळजी विहिरीची वाटते. ॲट्राझीन पाण्यासोबत खाली झिरपतं, आणि भूजलात सापडतं म्हणूनच युरोपियन संघाने २००४ मध्ये ते बंद केलं. तुमची बोअर शेताच्या उतारावर असेल तर खुरपं धरा. शिवाय ते जमिनीत टिकतं. मक्यानंतर लगेच काकडी, दोडका किंवा वाल लावायचा असेल तर त्यांची रोपं मार खातात.

सेंद्रिय मका जास्त पौष्टिक असतो का? दुप्पट भाव देतो आम्ही.

२००३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या एका अभ्यासात सेंद्रिय मक्यात फिनॉलिक पदार्थ (झाड स्वतःच्या बचावासाठी तयार करतं ते) आणि क जीवनसत्त्व जास्त आढळलं. त्यावर शेतं आणि माती सारखी नव्हती असे आक्षेपही आले. पुढे २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम कमी, आणि प्रथिनंही कमी, असं चित्र दिसलं.

वर नत्राबद्दल जे म्हटलं त्याच्याशी हे जुळतं. शेणखतातलं नत्र हळूहळू सुटतं, झाड थोडं कमी खातं, त्यामुळे प्रथिनं कमी आणि बचावाचे पदार्थ जास्त. पण तणाने वेढलेला, पिवळा पडलेला मका 'सेंद्रिय' म्हणून विकला जात असेल तर तो फक्त उपाशी मका आहे. कीटकनाशक नको म्हणून जादा पैसे द्या, जमीन टिकावी म्हणून द्या. जीवनसत्त्वांसाठी दुप्पट भाव मी देणार नाही.

'अमेरिकन मका' म्हणजे जनुक बदललेला मका का?

नाही. भारतात जनुक-सुधारित मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही. स्टेशनवर कपात मिळणारा गोड मका नेहमीच्या संकरातूनच आलेला असतो.

गच्चीवर मका लावला, कणसं आली, पण दाणे विरळ. खत कमी पडलं का?

बहुधा परागकण कमी पडले. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा, आणि प्रत्येक केसावर पराग पडावा लागतो. मका वाऱ्यावर परागीभवन करतो, म्हणून कठड्यालगत एका रांगेत आठ पिशव्या ठेवण्यापेक्षा चार बाय चारचा चौक करा. सकाळी तुरे हलवून पराग केसांवर झटका. शेजारच्या गच्चीत साधा मका किंवा पॉपकॉर्नचा मका फुलत असेल तर तुमच्या स्वीट कॉर्नचे दाणे पिठूळ होतील. दोन आठवड्यांच्या अंतराने लावा.

खताचं म्हणाल तर निव्वळ ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टवर मका भागत नाही. त्यासोबत गांडूळखत आणि थोडी शेंगदाणा पेंड किंवा निंबोळी पेंड द्या. गच्चीवर तणनाशकाचं नावही काढू नका, हाताने उपटा.

बाजारातून आणलेल्या कणसात खताचा परिणाम कितपत उरतो?

इथे मुंबईकराची खरी गोची आहे. साध्या स्वीट कॉर्नमधली निम्म्याहून जास्त साखर ३० अंश तापमानात एका दिवसात पिठूळ होऊ शकते. शून्य अंशाजवळ ठेवलं तर सहा टक्क्यांच्या आसपासच जाते. म्हणजे पुणे किंवा नाशिक जिल्ह्यात कोणी कितीही काटेकोर खत दिलं, तरी ट्रकमध्ये, वाशीच्या गाळ्यावर आणि मग हातगाडीवर उन्हात कणीस पडून राहिलं तर गोडी तिथेच संपते. सुपर स्वीट प्रकार बराच तग धरतो, म्हणूनच तो शहरात चालतो.

घेताना साल हिरवी, बुंध्याचा काप ओलसर, केस तपकिरी पण चिकटसर असे बघा. नख लावल्यावर साध्या प्रकारात दुधाळ चीक येतो, सुपर स्वीटमध्ये पाण्यासारखा रस. सोललेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणसं दिसायला छान, पण वेळ कळत नाही. घरी आणल्यावर सालीसकट फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

उकडल्याने पोषण जातं का? कोळशावरचा भुट्टा बरा की कुकरमधला?

क जीवनसत्त्व थोडं जातं. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात ११५ अंशांवर २५ मिनिटं तापवलेल्या स्वीट कॉर्नची अँटिऑक्सिडंट क्षमता ४४ टक्क्यांनी वाढलेली दिसली, कारण तंतूंना चिकटलेलं फेरुलिक आम्ल उष्णतेने सुटं होतं. म्हणजे कुकरची भीती नको. वाफवलेलं उकडण्यापेक्षा बरं, पाण्यात जाणारं फोलेट वाचतं.

पावसात वरळी सीफेसवर किंवा गिरगाव चौपाटीवर लिंबू-तिखट चोळून जो भुट्टा खाता, तो बहुधा साधा मका असतो, जरा निबर. त्याची तुलना स्वीट कॉर्नशी करू नका. लिंबामुळे क जीवनसत्त्वाची भर पडते, हे आहेच.

मक्यातलं तण खाता येतं का? गावाकडची माणसं काढून नेतात.

नेतात, आणि बरोबर करतात. माठ, घोळ, केना, कुरडू, टाकळा यांची कोवळी पानं कोकणात पावसाळ्यात रानभाजी म्हणून खातात, दादरच्या फुटपाथवर त्यांच्या जुड्या विकायला येतात. पालेभाजी म्हणून त्यांच्यात लोह आणि कॅल्शियम मक्याच्या दाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. पहिल्या खुरपणीचं तण वाया घालवू नका. ओळखीचंच काढा, गाजरगवताला हात लावताना मोजे घाला, फुलं यायच्या आत ते उपटा. आणि ज्या शेतात त्या हंगामात तणनाशक मारलं आहे, किंवा नुकताच युरिया पडला आहे, तिथलं तण स्वयंपाकघरात आणू नका. माठ जादा नत्र पानांत नायट्रेट म्हणून साठवून ठेवतो.